अर्ध्यावरचा झेंडा

सोमवारी दुपारी शाळेतून सायकलने घरी आलो, तेव्हा अंगणातला झेंडा अर्ध्यावर होता.

मी फाटकातच उतरलो. डेन्मार्कात येऊन वर्ष होत आलं होतं, त्यामुळे झेंड्याचे रीतिरिवाज मला कळायला लागले होते. आपल्याकडे झेंडा म्हणजे पंधरा ऑगस्ट, कडक इस्त्रीचा गणवेश आणि पाहुण्यांचं न संपणारं भाषण. तिथे घरटी एक पांढरा खांब. कुणाचा वाढदिवस असला, पाहुणे येणार असले, पोरगं परीक्षेत पास झालं, की झेंडा वर. माझ्या सतराव्या वाढदिवसालाही तो चढवला होता आणि मी सवयीने ‘सावधान’मध्ये उभा राहिलो होतो. त्यावरून घरात पुढे बरेच दिवस माझी टिंगल चालली होती. पण झेंडा अर्ध्यावर म्हणजे घरचं माणूस गेलं. हिवाळ्यात रस्त्यापलीकडचे म्हातारे गृहस्थ वारले, तेव्हा त्यांच्या अंगणात मी तो तसा पाहिला होता.

माझ्या मनात लगेच आलं, फार्मोर गेली.

फार्मोर म्हणजे वडिलांची आई. मी ज्याच्या घरी राहत होतो त्या नील्सची ती आई, नव्वदीला टेकलेली, गावातल्या वृद्धाश्रमात राहायची. मे महिन्यात तिला न्यूमोनिया झाला होता. आम्ही भेटायला गेलो की ती मला न चुकता मिकेल म्हणायची, आणि मीही ओ द्यायचो. मिकेल हा तिचा नातू, नील्स आणि बिर्गिटचा मुलगा. तो तेव्हा कऱ्हाडला आमच्या घरी, माझ्या खोलीत, माझ्या पलंगावर झोपत होता आणि मी विबोर्गजवळच्या त्या खेड्यात त्याच्या. विद्यार्थ्यांची वर्षभरासाठी अदलाबदल करणारी एक संस्था होती, तिने हे साटंलोटं जमवलं होतं. मिकेलला मराठी यायला लागलं होतं, मला गाईचं दूध यंत्राने काढता यायला लागलं होतं. फायद्यात कोण राहिलं, यावर दोन्ही घरांत वाद होता.

माझे परतीचे दिवस जवळ आले होते. खरं तर मार्चमध्येच मी परत यायला निघालो होतो. नानांना हृदयविकाराचा झटका आला होता. नाना म्हणजे माझ्या आईचे वडील. आई त्यांची एकुलती एक, त्यामुळे आजी गेल्यावर ते आमच्याकडेच राहायला आले. मला अक्षरं त्यांनी गिरवायला शिकवली, पोहायला त्यांनी शिकवलं, आणि मी परदेशी जावं यासाठी बाबांशी भांडलेही तेच. मी फोनवर म्हटलं, मी येतो. आई म्हणाली, अजिबात नाही. मध्येच आलास तर वर्ष वाया जाईल, आणि नानांनाच त्याचं वाईट वाटेल. ते आता बरे आहेत, वर्ष पुरं करून ये आणि त्यांना भेट. मी ऐकलं. पण तेव्हापासून मी दर रविवारची वाट पाहत राहायचो. कऱ्हाडच्या फोनबूथवरून आईचा फोन यायचा आणि मी रिसीव्हर कानाला लावला की बाकी काहीही न बोलता आधी विचारायचो, “नाना कसे आहेत?”

आदल्या दिवशी, रविवारीही विचारलं होतं. आई म्हणाली, “बरे आहेत. आज दोन घास जास्त जेवले.” मला हायसं वाटलं. आता दिवसच किती राहिले होते; नाना भेटणार, यात मला काही शंका उरली नव्हती. नेहमीप्रमाणे मिकेल बूथच्या काचेबाहेर त्याची पाळी यायची वाट पाहत उभा होता. मी रिसीव्हर बिर्गिटच्या हातात दिला, त्या दोघांना मुलाशी मोकळेपणाने बोलता यावं म्हणून गोठ्यात गेलो आणि वासरांना शीळ ऐकवत बसलो.

सायकल भिंतीला टेकवून मी आत गेलो. नील्स स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता, समोर कॉफी, डोक्यावरची टोपी काढून ठेवलेली. हा उंच, लालबुंद माणूस जेवढं बोलायचा त्यातलं निम्मं गाईंशी. बिर्गिट वाचनालयातली नोकरी अर्धा दिवस टाकून घरी आलेली. तिचे डोळे सुजले होते. दोघांनी माझ्याकडे पाहिलं आणि कुणीच काही बोललं नाही.

मीही विचारलं नाही. आमच्याकडे समाचाराला गेल्यावर तोंड उघडून ‘काय झालं, कसं झालं’ असं विचारणारा माणूस आगाऊ समजला जातो. जायचं, बसायचं, समोरचा बोलला तर ऐकायचं. लहानपणी नाना मला अशा घरी बरोबर न्यायचे आणि मी चुळबुळ करायला लागलो की नुसता माझा गुडघा दाबायचे. तेव्हा मी दप्तर खाली ठेवलं आणि नील्सच्या शेजारी जाऊन बसलो.

थोड्या वेळाने नील्सने माझ्या पाठीवर हात ठेवला. मला गलबलून आलं. याची आई गेली आहे आणि हा मलाच धीर देतोय! मी त्याचा दुसरा हात माझ्या हातात घेतला. बिर्गिटने नाक शिंकरलं. अशी आम्ही तिघं बराच वेळ बसलो.

दूध काढायची वेळ झाली तेव्हा नील्स म्हणाला, आज तू राहू दे. मी म्हटलं, आज तूच राहू दे, मी बघतो. तो माझ्याकडे जरा आश्चर्याने बघत राहिला. शेवटी दोघंही गेलो. त्याने रेडिओ लावला नाही, गाईंशीही काही बोलला नाही. एरवी हाताखाली काम करताना तो मला सतत चुका दाखवायचा, त्या दिवशी एकही दाखवली नाही. एक नळी मी खरोखरच चुकीची लावली होती, ती त्याने मुकाट्याने येऊन सरळ केली आणि पुढे गेला.

घरात आलो तर बिर्गिट बटाटे सोलायला बसत होती. मी तिच्या हातातून सुरी काढून घेतली. आमच्याकडे ज्या घरी माणूस जातं त्या घरची चूल पेटत नाही. शेजारी पिठलं-भात करून आणून देतात. इथला शेजार शेतं ओलांडून पलीकडे, आणि तो पिठलं कुठून आणणार? तेव्हा शेजारी आपणच व्हायचं, असं मी ठरवलं. बिर्गिटने मागे एकदा माझ्यासाठी शहरातल्या तुर्की दुकानातून हरभऱ्याच्या डाळीचं पीठ आणून ठेवलं होतं. मी कांदा चिरला, हळद आणि मिरची शोधून काढली.

“माणूस गेलं की तुमच्याकडे हे करतात?” बिर्गिटने विचारलं.

मी म्हटलं, “हो. त्या दिवशी हेच खातात.”

ती माझ्याकडे पाठ करून ताटल्या मांडायला लागली. तिचे खांदे हलत होते. सासूवर एवढी माया असेल असं मला वाटलं नव्हतं. पुष्कळदा तिची कुरकूरच कानावर यायची. पण माणसाचं असंच असतं, असं मी सतराव्या वर्षाच्या शहाणपणाने मनाशी म्हटलं.

पिठल्यात गुठळ्या झाल्या होत्या. तरी दोघांनी ते देवळातला प्रसाद खावा तसं खाल्लं. एरवी मिरचीच्या वासाने खोकणाऱ्या नील्सने दुसऱ्यांदा वाढून घेतलं. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते मिरचीचं की दुसरं कसलं, सांगता येत नव्हतं. जेवण होत आलं तसं मला वाटलं, आता विचारायला हरकत नाही. निदान कोणत्या दिवशी शाळा बुडवायची ते तरी कळायला हवं.

“अंत्यविधी कधी आहे?” मी विचारलं.

नील्सने काटा खाली ठेवला. बिर्गिटकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“झाला ना,” तो म्हणाला. “शुक्रवारी.”

“शुक्रवारी?”

“मिकेलने खांदा दिला. नदीपर्यंत अनवाणी गेला तो. तुझ्या आईने सांगितलं असेल की तुला.”

डेन्मार्कात कुणी अनवाणी नदीवर जात नाही आणि मिकेल डेन्मार्कात नव्हता, हे एकामागून एक माझ्या डोक्यात शिरलं. मग ताटलीत उरलेल्या पिठल्याकडे माझं लक्ष गेलं. ते मी कुणाचं केलं होतं, ते तेव्हा कळलं.

बिर्गिटने तोंडावर हात ठेवला. “देवा, याला माहीतच नव्हतं,” ती म्हणाली.

पुढचा उलगडा तिनेच केला. नाना गुरुवारी संध्याकाळी झोपेत गेले होते. माझे मामेभाऊ वगैरे कुणी नाहीत, बाबांची पाठ धरलेली, त्यामुळे चौथा खांदा मिकेलने दिला. रविवारी बूथवर जाताना आईने त्याला बजावलं होतं की उन्मेषला, म्हणजे मला, तू काही बोलू नकोस, त्याला आम्ही सांगू. मिकेल सरळ माणसांच्या देशातला. आई आत जाऊन माझ्याशीच बोलत होती, म्हणजे ती सांगतेच आहे, असं त्याने धरलं. मग आपली पाळी आल्यावर त्याने आईवडिलांना सगळं सांगितलं आणि तो रडला. आणि मी त्या वेळी गोठ्यात. बातमी ऐकून पोरगा एकटाच वासरांजवळ जाऊन बसला, असं या दोघांना वाटलं. त्याला एकटं राहायचं असेल तर राहू द्यावं, बोलेल तेव्हा बोलेल, अशी त्यांची रीत. सकाळी मी शाळेला गेल्यावर नील्सने झेंडा अर्ध्यावर आणला होता. फार्मोर वृद्धाश्रमात ठणठणीत होती.

आई मिकेलशी खोटं बोलली नव्हती. परगावी असलेल्या माणसाला वाईट बातमी आमच्याकडे अशीच सांगतात, म्हणजे तो घरी आल्यावर. परक्या ठिकाणी एकट्याने रडावं लागू नये म्हणून. बाबांच्या मावसभावांना त्यांची आई गेल्याचं नोकरीच्या गावाहून परतल्यावर दारात कळलं होतं आणि त्यात कुणालाही काही वावगं वाटलं नव्हतं.

“आत्ताच्या आत्ता तुमच्या शेजाऱ्यांकडे फोन लाव आणि आईला बोलावून घे,” बिर्गिट म्हणाली.

मी नाही म्हटलं.

“हे खोटं आहे, उन्मेष. आता तूही खोटं बोलणार?”

मला आईचा राग आला होता. फार राग आला होता. नाना भेटतील या भरवशावर मी मार्चपासून दिवस ढकलले होते, आणि ते गेल्यावरही तिने मला दोन घास जास्त जेवल्याचं सांगितलं होतं. फोन लावला असता तर मी काय बोललो असतो, ते मलाच ठाऊक नव्हतं. बिर्गिट चिडून उठली आणि खडखडाट करत भांडी घासायला लागली.

नील्स म्हणाला, “चल बाहेर.”

जूनमधला सूर्य तिकडे जेवणं झाली तरी बराच वर असतो. खांबाजवळ जाऊन नील्सने टोपी काढली. दफन होऊन गेलं की झेंडा अर्ध्यावर ठेवत नाहीत, तो पुन्हा टोकापर्यंत चढवतात, बातमी उशिरा कळली म्हणून आज दिवसभर तो तसा ठेवला, असं त्याने मला सांगितलं. दोरी सोडून त्याने माझ्या हातात दिली.

“मी ओढणार नाही,” तो म्हणाला. “आजोबा तुझे.”

मी दोरी ओढली. झेंडा वर गेला आणि वाऱ्यावर फडकायला लागला. नील्स मान खाली घालून उभा होता. मी तिथे गवतात बसून मोठमोठ्याने रडलो, आणि तो न हलता तसाच उभा राहिला. माझं रडणं थांबल्यावर आम्ही झेंडा खाली घेतला, दोन्ही टोकं धरून घडी घातली आणि आत आलो.

तो आठवडा मी आईला काय काय सुनवायचं, याची तयारी करण्यात घालवला. वाक्यं पाठ केली. गोठ्यात म्हणून पाहिली. रविवारी फोन वाजला तसा मी बिर्गिटच्याही आधी धावलो. ती हात पुसत दारात येऊन उभी राहिली.

“हॅलो, उन्मेष?” आई म्हणाली. तिचा आवाज बसला होता. ती सावरून, ठासून बोलत होती, आजारी माणसाला औषध घे म्हणून सांगताना बोलतात तसं.

“आई, तू कशी आहेस?” मी विचारलं.

ती म्हणाली, “मी बरी आहे. तू?”

मी म्हटलं, मीही बरा आहे. पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी विचारलं, “नाना नीट जेवतात का?”

पलीकडे काही क्षण नुसतीच खरखर ऐकू आली. मग आई सांगायला लागली. काल आंब्याचा रस मागितला, डॉक्टर नको म्हणतात, पण वाटीभर दिला. पुरता मिटक्या मारत खाल्ला. सकाळी अंगणात खुर्ची टाकून दिली होती, तिथेच पेपर वाचत बसले, ऊन आलं तरी उठेनात. मी विचारलं, ओरडले का तुला? ती म्हणाली, ओरडतील नाही तर काय! उठवलं म्हणून तासभर बोलले नाहीत. एवढं सविस्तर ती नाना असतानाही कधी सांगत नसे.

फोन बिर्गिटकडे गेला. तिने मिकेलला काय सांगितलं माहीत नाही, पण त्याने पुढे आमच्या घरी चकार शब्द काढला नाही. बिर्गिटला मात्र हे शेवटपर्यंत पटलं नाही. तिला मराठी येत नव्हतं, पण नाना हा शब्द तिला कळायचा आणि तो आला की ती खिडकीबाहेर बघायची.

राहिलेल्या रविवारी असंच चाललं. मी विचारायचो आणि आई सांगायची. नानांनी दाढी करून घेतली, न्हाव्याशी हुज्जत घातली. नानांना झोप येत नाही, रात्री रेडिओ हवा म्हणतात. एकदा मी विचारलं, माझी आठवण काढतात का? “रोज,” आई म्हणाली, आणि तेवढं एक खरं असावं असं मला वाटलं.

शेवटी मी निघालो. नील्सने विमानतळावर माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मी कऱ्हाडला पोहोचायच्या दोन दिवस आधी मिकेल तिथून निघाला होता, आमची विमानं हवेतच एकमेकांना ओलांडून गेली. एकमेकांच्या पलंगावर वर्ष काढलेले आम्ही दोघं आजपर्यंत समोरासमोर आलेलो नाही.

मुंबईला बाबा घ्यायला आले होते. त्यांनी मला आधी चहा पाजला, मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “नाना गेले रे.” मी मान हलवली. धक्क्याने पोरगं गप्प झालं असं समजून ते मला पाणी आणायला धावले. कऱ्हाडच्या गाडीत बसल्यावर ते म्हणाले, “तुझ्या आईचं काही खरं नाही. बाप गेला, पण डोळ्यांतून टिपूस काढलं नाही तिने. सारखी कामात असते. तू आलास, आता तुझ्याजवळ तरी बोलते का बघ.”

आई बोलली नाही. मला ओवाळलं नाही, सुतक होऊन गेलं होतं तरी. भाकरी केली, वाढली, सामान उपसलं, माझे कपडे भिजवले. नानांची खोली आवरून त्यांचा पलंग उभा करून ठेवला होता.

आल्यानंतरच्या रविवारी दुपारी बाबा झोपले होते आणि आम्ही दोघं स्वयंपाकघरात जेवत होतो. आई एकदम म्हणाली, “तुला तिकडेच कळलं होतं.”

“तुला कसं कळलं?”

“फोन घेतलास की आधी नानांचं विचारायचास. त्या दिवशी आधी माझं विचारलंस.”

“मग तेव्हाच बोलली का नाहीस?”

“बोलणार होते,” आई म्हणाली. “तर तू म्हणालास, नाना नीट जेवतात का. इथे येणारा प्रत्येक जण मला म्हणत होता, झालं गेलं, आता विसर. त्यांच्याबद्दल विचारणारा तू एकटाच होतास. मग म्हटलं, चालू दे. बूथमध्ये उभी असेपर्यंत ते असायचे रे.”

ती माझ्या ताटात भात वाढायला लागली. भिंतीवरच्या घड्याळात आमच्या फोनची वेळ झाली होती.

मी विचारलं, “आज काय जेवले नाना?”

डाव तसाच पातेल्यावर धरून ती माझ्याकडे बघत राहिली.

“आज नाही जेवले,” ती म्हणाली, आणि रडायला लागली.